यादीत नसलेलं नाव : जिमी पीटर्स आणि इंग्लंडची रग्बी

या मालेत आम्ही आजवर बहुतेक वेळा ग्रंथांवर आणि विचारवंतांवर बोललो. आजचा विषय रग्बीचा आहे म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या असतील. स्पष्टच सांगतो, आम्ही आयुष्यात कधी रग्बी खेळलो नाही. पावसाळ्यात आझाद मैदानाच्या बाजूने जाताना बॉम्बे जिमखान्याच्या चिखलात त्या लांबट चेंडूसाठी चाललेली धुमश्चक्री रस्त्यावरून पाहिली असेल, तेवढाच आमचा या खेळाशी संबंध. पण जिमी पीटर्स या माणसाच्या आयुष्याने आमच्यासमोर एक प्रश्न ठेवला. तो प्रश्न आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवत होतो, आणि त्याचं वजन मात्र फार उशिरा कळलं. म्हणून हे व्याख्यान.

जेम्स पीटर्स, सगळे त्याला जिमी म्हणत, हा इंग्लंडच्या रग्बी संघातून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. सन १९०६. त्याच्या नावामागे ‘पहिला’ हा शब्द आता कायमचा चिकटला आहे. त्या शब्दाचीच आज थोडी झडती घेऊ.

सुरुवात रुपयांपासून करू. हो, आपल्याच चांदीच्या रुपयांपासून. १८७३ साली कलकत्त्यातल्या इंग्रजांनी तिथे रग्बीचा एक क्लब काढला. तो फार काळ टिकला नाही. हवा मानवेना, लोक पोलो आणि टेनिसकडे वळले, आणि १८७८ मध्ये क्लब बंद झाला. बँकेत शिल्लक होती, तिचं करायचं काय? सभासदांनी ती रक्कम चांदीच्या रुपयांत काढली, २७० रुपये. ते वितळवून एक चषक घडवला आणि तो लंडनच्या रग्बी फुटबॉल युनियनला देऊन टाकला. चषकाच्या तिन्ही कड्या नागाच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. त्याचं नाव कलकत्ता कप. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात त्या चषकासाठी पहिला सामना झाला मार्च १८७९ मध्ये, एडिंबरोला.

त्याच वर्षी ऑगस्टच्या ७ तारखेला, मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्डमध्ये जिमीचा जन्म झाला. वडील जमैकाचे, सर्कशीत प्राण्यांना शिकवणारे. आई इंग्लंडच्या श्रॉपशायरमधली, गोरी. हकीकत अशी सांगतात, की वडिलांचा सिंहाच्या पिंजऱ्यात मृत्यू झाला. आईला एकटीने संसार झेपेना, आणि पोर सर्कशीतच वाढलं. खोगीर नसलेल्या धावत्या घोड्यावर कसरती करणं हे त्याचं काम. अकराव्या वर्षी त्याचा हात मोडला. हात मोडलेला कसरतपटू सर्कशीच्या काय कामाचा? त्याला तिथेच सोडून सर्कस पुढे निघून गेली.

पुढचं शिक्षण अनाथालयांत झालं, आधी लंडनच्या साउथवर्कमध्ये आणि मग ग्रिनिचला. तिथे त्याला खेळ मिळाला. धावणं, उड्या, क्रिकेट, रग्बी, सगळ्यांत हा पुढे, आणि संघाचा कप्तानही. आता बघा, ज्या पोराला सर्कशीने टाकून दिलं, त्याच्यामागे बाकीची पोरं मैदानात पळत होती. आम्हाला हे चित्र फार बोलकं वाटतं.

अठरा-एकोणीस वर्षांचा झाल्यावर तो पश्चिमेकडे ब्रिस्टलला गेला. १९०० ते १९०२ या काळात तो ब्रिस्टल क्लबाच्या मुख्य संघातून खेळला. त्याला संघात घेतलं म्हणून क्लबाच्या समितीतल्या एका सभासदाने निषेध म्हणून राजीनामा दिला. स्थानिक वृत्तपत्रात कुरकुर झाली, ती अशी की याच्यामुळे एका गोऱ्या खेळाडूची जागा गेली. या तक्रारीतली तर्काची चूक आमच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनीही दाखवली असती. जागा ही आधीच कुणाची तरी मालमत्ता आहे असं गृहीत धरलं, की मगच ती ‘गेली’ असं म्हणता येतं.

तिथून तो आणखी पश्चिमेला, डेव्हन परगण्यातल्या प्लिमथ बंदरात आला. पेशाने सुतार. आठवडाभर रंधा मारायचा आणि शनिवारी रग्बी. डेव्हनमध्ये हा खेळ केवळ बड्या शाळांतल्या साहेबपोरांचा नव्हता, गोदी कामगारांचा आणि नाविकांचाही होता. त्यामुळे तिथे त्याला आपली माणसं मिळाली.

खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी दोन वाक्यं सांगतो. रग्बीत चेंडू हातात घेऊन पुढे पळता येतं, पण हाताने तो पुढे फेकता येत नाही, फक्त मागे किंवा आडवा द्यायचा. दोन्ही बाजूंचे धिप्पाड गडी खांद्याला खांदा भिडवून रेटारेटी करतात, त्याला स्क्रम म्हणतात. स्क्रममधून बाहेर आलेला चेंडू एकजण उचलतो आणि मागे उभ्या असलेल्या फ्लाय-हाफकडे देतो. आता लाथाडायचा, स्वतः घुसायचं, की पुढच्याला द्यायचा, हा निर्णय फ्लाय-हाफचा आणि तोही डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. म्हणजे संघाचं डोकं ते. पीटर्स या जागी खेळत असे. डेव्हनच्या संघात राफेल जॅगो चेंडू उचलून द्यायचा आणि पीटर्स पुढचं ठरवायचा. ही जोडी गाजली आणि १९०६ मध्ये डेव्हनने परगण्यांची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली.

इकडे इंग्लंडच्या संघाची दैना झाली होती. १९०५ मध्ये वेल्स, आयर्लंड, स्कॉटलंड, तिघांनीही हरवलं. डिसेंबरात न्यूझीलंडने १५-० असं धुतलं. १९०६ उजाडलं तरी वेल्स आणि आयर्लंडपुढे पुन्हा हारच. अशा वेळी, १७ मार्च १९०६ रोजी, एडिंबरोच्या इनव्हर्लीथ मैदानावर स्कॉटलंडविरुद्ध पीटर्सला घेतलं गेलं. ही निवड वर्णाच्या कारणाने लोकांना फारशी रुचलेली नाही, असं त्या वेळी छापूनही आलं.

इंग्लंड ९-३ ने जिंकलं. म्हणजे कलकत्ता कप इंग्लंडकडे आला. आपल्या रुपयांच्या चांदीतून घडलेला आणि वयाने पीटर्सएवढाच असलेला तो चषक, एका जमैकन माणसाच्या मुलाने जिंकायला मदत केली. साम्राज्याच्या दोन टोकांची दोन देणी अशी एडिंबरोच्या मैदानात एकत्र आली. पाच दिवसांनी पॅरिसमध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांचा पहिलावहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. इंग्लंडने ३५-८ असा विजय मिळवला, आणि त्यात पीटर्सचाही एक ट्राय होता. ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं. तेव्हा त्याला तीन गुण मिळत.

इथे गोष्ट संपली असती तर छान बोधकथा झाली असती. गुणी माणूस, थोडा विरोध, अखेर गुणांचा विजय. शाळेच्या पुस्तकात धडा म्हणून खपली असती. पण त्याच वर्षाच्या शरद ऋतूत दक्षिण आफ्रिकेचा संघ बोटीने इंग्लंडला आला.

हा दौरा साधा नव्हता. बोअर युद्ध संपून जेमतेम चार वर्षं झाली होती. इंग्रज आणि बोअर यांनी एकमेकांची माणसं मारली होती, बोअर बायकामुलं छावण्यांत मेली होती. आता दोघांना एकत्र नांदायचं होतं. पॉल रूसच्या नेतृत्वाखालच्या या संघात इंग्रजी बोलणारे होते आणि बोअरही होते. ‘स्प्रिंगबॉक’ हे नाव याच दौऱ्यात रुजलं. खेळाच्या निमित्ताने मनं जुळावीत अशी दोन्ही बाजूंची इच्छा होती. इच्छा चांगलीच होती हो! पण समेटाचा खर्च कुणाच्या खात्यात पडतो ते बघावं लागतं. १९०२ च्या फेरीनिखिंग तहाच्या आठव्या कलमाने तिथल्या आफ्रिकन लोकांच्या मताधिकाराचा प्रश्न बोअर प्रांतांना स्वराज्य मिळेपर्यंत पुढे ढकलला होता. दोघांचं भांडण मिटलं, आणि जो तिसरा त्या बैठकीत नव्हताच, त्याच्या हक्कावर पाणी सोडून मिटलं.

तेच मैदानावर घडलं. १७ ऑक्टोबर १९०६. प्लिमथला डेव्हन विरुद्ध दक्षिण आफ्रिका. सुमारे वीस हजार माणसं जमलेली. डेव्हनच्या संघात काळा माणूस आहे हे पाहून पाहुणे खेळायला तयार होईनात. बरीच मनधरणी झाली, तेव्हा कुठे सामना सुरू झाला. डेव्हन हरलं, पण पीटर्स पूर्ण सामना खेळला. आपल्याच गावच्या मैदानात, आपल्याच लोकांदेखत आपल्यावरून वाटाघाटी चालल्या आहेत, हे त्याने कसं सोसलं असेल? डेव्हनच्या लोकांनी त्याला बाहेर बसवलं नाही, हेही आपण नोंदवून ठेवू.

पुढे ८ डिसेंबरला लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर इंग्लंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. इंग्लंडच्या पंधरा जणांच्या यादीत पीटर्स नव्हता.

आता आमच्या विषयाकडे येतो. नसणं हे कळतं कसं? टेबलावर चष्मा नाही, हे आपल्याला कोणत्या ज्ञानसाधनाने समजतं? डोळ्यांना टेबल दिसतं, ‘नाही’ थोडंच दिसतं? कुमारिल भट्टांच्या परंपरेने आणि अद्वैत वेदान्तानेही यासाठी एक स्वतंत्र प्रमाण मानलं, अनुपलब्धी. न मिळणं हेच ज्ञानाचं साधन. पण त्याला एक अट घातली, योग्यतेची. वस्तू असती तर ती दिसलीच असती अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत चष्मा दिसला नाही, एवढ्यावरून तो नाही असं म्हणता येत नाही. उजेड असेल, डोळे शाबूत असतील, आणि तरी दिसत नसेल, तरच ‘नाही’ म्हणायचं.

आम्ही हे पस्तीस वर्षं घट आणि पट यांच्या उदाहरणांनी शिकवलं. पीटर्सची हकीकत वाचताना प्रथमच वाटलं, की इतिहासकाराला याची गरज आपल्यापेक्षा जास्त आहे.

कारण क्रिस्टल पॅलेसच्या यादीत नियम सापडत नाही. काळ्यांना घेऊ नये असा नियम युनियनने केलेला नव्हता, असता तर मार्चमध्ये तो खेळलाच नसता. सापडतं ते फक्त एक नसलेलं नाव. मग योग्यतेची अट लावून बघू. मार्चमध्ये दोन सामने, दोन्ही जिंकलेले, एकात स्वतःचा ट्राय. ऑक्टोबरात त्याच पाहुण्यांचा त्याच्या असण्याला आक्षेप. डिसेंबरात नाव नाही. पुढे १९०७ मध्ये आयर्लंड आणि स्कॉटलंडविरुद्ध पुन्हा संघात, आणि स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडचा एकुलता एक ट्राय त्याचाच. म्हणजे उजेड पुरेसा होता, डोळेही शाबूत होते.

कुणी म्हणेल, जानेवारी १९०७ मध्ये फ्रान्स आणि वेल्सविरुद्धही तो नव्हता, तेव्हा निवड समितीला दुसरा गडी अधिक पसंत असेल. असेलही! आम्ही हा आक्षेप झटकून टाकत नाही. उलट आमचं म्हणणं असं आहे, की नियमाशिवाय केलेल्या बहिष्काराची खरी ताकद याच ‘असेलही’मध्ये असते. नियम असता तर त्याच्याविरुद्ध भांडता आलं असतं, सभा घेता आली असती, अर्ज करता आला असता. पण ‘या वेळी नाही घेतलं’ याच्याविरुद्ध माणूस काय अर्ज करणार? त्याला एकच करता येतं. सोमवारी पुन्हा रंधा हातात घ्यायचा.

त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना झाला १८ जानेवारी १९०८ रोजी, वेल्सविरुद्ध, आणि तो नेमका ब्रिस्टलमध्ये! जिथे त्याच्यावरून राजीनामा दिला गेला होता, त्याच गावात. त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं, की प्रेक्षकांना खेळाडू धड दिसेनात. इंग्लंड १८-२८ असं हरलं. पाच सामने, दोन ट्राय, आणि इंग्लंडकडून खेळणं संपलं. वय अठ्ठावीस.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो, पण तो महत्त्वाचा आहे. १९१० मध्ये प्लिमथच्या गोदीत काम करताना अपघातात त्याची तीन बोटं गेली. चेंडू हाताने झेलण्याच्या खेळात तीन बोटं! तरीही तो खेळत राहिला. १९१२ मध्ये डेव्हनमधल्या बऱ्याच खेळाडूंवर आणि क्लबांवर युनियनने कारवाई केली, त्यात पीटर्सही सापडला. आरोप होता पैशाचा आणि नॉर्दर्न युनियनशी संधान बांधल्याचा. ही नॉर्दर्न युनियन म्हणजे १८९५ मध्ये हडर्सफील्डला फुटून निघालेल्या उत्तरेकडच्या क्लबांची संघटना. तिच्यातूनच आजची रग्बी लीग झाली. भांडण होतं ते बुडालेल्या मजुरीचं. शनिवारी खेळण्यासाठी कामगाराची रोजी बुडते, तेवढी भरून द्यावी की नाही? लंडनची युनियन म्हणाली, नाही, खेळ हा निव्वळ हौसेचा हवा. गंमत बघा. रंगाबद्दल कागदावर एक अक्षर नव्हतं, पैशाबद्दल मात्र कलमांवर कलमं होती. वाडवडिलांची इस्टेट असलेल्याला हौस परवडते. बोटं गमावलेल्या सुताराला ती परवडायची कशी? नियम सगळ्यांना सारखाच होता, फक्त लागत होता तो ठरावीक लोकांना.

मग वयाच्या चौतिसाव्या वर्षी पीटर्स उत्तरेला गेला. १९१३ मध्ये बॅरो आणि १९१४ मध्ये सेंट हेलन्स या क्लबांकडून थोडा खेळला. पुढे पुन्हा प्लिमथला परतला, आणि तिथेच २६ मार्च १९५४ रोजी वारला.

आता त्या ‘पहिला’ शब्दाकडे येऊ. पहिला म्हणजे काय? ज्याच्यानंतर दुसरा येतो तो. इंग्लंडच्या रग्बी संघात पीटर्सनंतरचा कृष्णवर्णीय खेळाडू ख्रिस ओटी. त्याचा पहिला सामना झाला ५ मार्च १९८८ रोजी. प्रतिस्पर्धी स्कॉटलंड, गाव एडिंबरो, आणि पणाला लागलेला चषक तोच, आपल्या रुपयांचा. पीटर्सच्या पहिल्या सामन्यानंतर ब्याऐंशी वर्षांनी आणि शेवटच्या सामन्यानंतर ऐंशी वर्षांनी.

मधल्या काळात नसण्याचा अर्थ काय लावायचा? इथेही योग्यतेची अट पाळायला हवी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये कृष्णवर्णीय लोकसंख्याच कमी होती, तेव्हा तेवढ्या काळाबद्दल फार ठाम बोलू नये. पण दुसऱ्या महायुद्धानंतर ती सबब हळूहळू संपत जाते. याच रग्बीच्या दुसऱ्या घरात, रग्बी लीगमध्ये, कार्डिफचा कृष्णवर्णीय खेळाडू क्लाइव्ह सलिव्हन १९७२ मध्ये ग्रेट ब्रिटनचा कप्तान म्हणून विश्वचषक जिंकून आला. इकडच्या घराला त्यानंतर ओटीसाठी आणखी सोळा वर्षं लागली. म्हणजे खेळणारे होते, खेळ येत होता. दार मात्र या घराचं लागलेलं होतं, आणि कडी आतून होती.

आपण ‘वाट घालून दिली’ असं अगदी सहज म्हणतो. पीटर्सने वाट घालून दिली नाही. तो स्वतः गेला, आणि त्याच्यामागे वाट बुजली. यात त्याचा कमीपणा नाही. वाट राखणं हे एकट्या चालणाऱ्याचं काम नसतं. ते मागे राहिलेल्यांचं, याद्या करणाऱ्यांचं काम असतं. एकाला आत घेऊन ‘बघा, आमच्याकडे भेदभाव नाही’ असं म्हणायची सोय होते, आणि मग दुसऱ्याला घेण्याची निकड उरत नाही. म्हणून कुठल्याही संस्थेने ‘आमच्याकडचा पहिला’ म्हणून कुणाचं नाव अभिमानाने सांगितलं, की आम्ही विचारतो, दुसरा कधी आला?

हे आम्ही दुसऱ्यांवर बोट ठेवून सांगत नाही. आम्हीही निवड समित्यांवर बसलो आहोत. फार वर्षांपूर्वी एका जागेसाठी मुलाखती होत्या. एका उमेदवाराची तयारी सगळ्यांत चांगली होती. वस्तीतून, फार कष्टाने आलेला मुलगा होता. चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, “हुशार आहे, पण आपल्या विभागात रुळेल का?” बास, एवढंच. जातीचा उच्चार नाही, विरोध नाही, वाद नाही. त्याचं नाव तिसऱ्या क्रमांकावर गेलं. आम्ही सही केली. कागदावर आजही काहीच सापडणार नाही, कारण काही लिहिलंच गेलं नाही. आम्ही त्या संध्याकाळी घरी जाऊन दुसऱ्या दिवसाच्या तासाची तयारी केली, आणि विषय कोणता होता माहीत आहे? अनुपलब्धी.

क्रिस्टल पॅलेसची यादी करणारी माणसं दुष्ट होती असं आम्हाला वाटत नाही. तीही बहुधा चहा पीत असतील, आणि पाहुण्यांचा मान राखला पाहिजे असं कुणीतरी सौम्य आवाजात म्हणालं असेल. अशा सौम्य आवाजातच बहुतेक नावं गळतात.

तेव्हा यादी समोर आली, कसलीही, संघाची, समितीची, सत्काराची, तर आधी असलेली नावं वाचा, आणि मग थोडं थांबून नसलेली वाचा. योग्यतेची अट मात्र पाळा. प्रत्येक गैरहजेरी हा अन्याय नसतो. पण उजेड असेल तर ‘मला दिसलं नाही’ असं म्हणू नका.

आमचं बोलणं इथे थांबवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.